चुकलं, बिघडलं, वाट लागली: बोलीतल्या इंग्रजीची प्रश्नोत्तरे

या वेळच्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे. काम बिघडलं, चूक झाली, घोळ झाला हे इंग्रजीत सहज बोलताना कसं म्हणायचं? शाळेत 'मिस्टेक' आणि 'एरर' हे दोन शब्द मिळतात आणि कंपनीत, कॉलवर, क्रिकेटच्या समालोचनात भलतेच कानावर पडतात. मराठवाड्यातून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न निवडून उत्तरं दिली आहेत.

वाळूज एमआयडीसीतल्या कारखान्यात क्वालिटीला आहे. अमेरिकेतल्या ग्राहकाने ड्रॉइंगचं नवं रिव्हिजन पाठवलंच नव्हतं. विचारल्यावर मेल आला, 'वुई ड्रॉप्ड द बॉल ऑन धिस'. आमच्यात कुणी म्हणालं माल पडला, कुणी म्हणालं ऑर्डर सोडली. नेमका अर्थ काय? आणि चूक आमची असेल तेव्हा आम्हीही असंच लिहावं का?

माल पडलेला नाही आणि ऑर्डरही सोडलेली नाही. 'ड्रॉप द बॉल' म्हणजे जबाबदारी आपल्याकडे होती आणि ती आपण निभावली नाही. हा शब्दप्रयोग अमेरिकी मैदानी खेळांतून आला. चेंडू तुमच्या हातात होता, सगळ्यांची भिस्त तुमच्यावर होती आणि तुम्ही तो सोडलात. म्हणून तो ठरावीक प्रकारच्या चुकीलाच लागतो: कळवायचं राहिलं, पाठवायचं राहिलं, पाठपुरावा केला नाही. भागाचं माप चुकलं, हिशेबात आकडा चुकला, तर त्याला 'ड्रॉप द बॉल' म्हणत नाहीत. जे काम राहिलं ते 'ऑन'नंतर येतं.

म्हणजे तुमच्या ग्राहकाने चूक आपली होती हे सरळ कबूल केलंय. तो मेल जपून ठेवा. रिवर्कच्या खर्चाची बोलणी निघतील तेव्हा तो कामाला येईल.

आता तुमच्या बाजूचं. कॉलवर, रोजच्या ओळखीच्या माणसाशी बोलताना 'वुई ड्रॉप्ड द बॉल' चालेल. ८डी रिपोर्टमध्ये, म्हणजे दोषाचं मूळ कारण आणि उपाय लिहायच्या ठरावीक अहवालात, नको. तिथे कारण लिहायचं असतं, म्हणून 'नवं ड्रॉइंग शॉप फ्लोअरवर पोहोचलं नाही' अशी साधी, कर्ता नसलेली वाक्यरचनाच योग्य. तिथे माणूस शोधायचा नसतो, पद्धतीतलं भोक शोधायचं असतं. मात्र रिपोर्टसोबतच्या मेलमध्ये कर्ता हवाच: 'वुई मिस्ड द रिव्हिजन चेंज'.

हे इतकं ठासून सांगण्याचं कारण आहे. आपल्याकडचे मेल 'मिस्टेक हॅपन्ड फ्रॉम अवर साइड' या वाक्याने सुरू होतात. ते 'आमच्याकडून चूक झाली'चं शब्दाला शब्द ठेवून केलेलं इंग्रजी आहे. मराठीत 'चूक झाली' म्हणताना मान खाली जाते, ते वाक्य नम्र आहे. इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र तेच वाक्य अंग काढून घेतल्यासारखं वाटतं. चूक काय आपोआप झाली, असं त्याच्या मनात येतं. अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी जानेवारी १९८७च्या स्टेट ऑफ द युनियन भाषणात इराणला गुपचूप शस्त्रं विकल्याच्या प्रकरणाबद्दल बोलताना 'सीरियस मिस्टेक्स वेअर मेड' अशी रचना वापरली. कर्ता गाळून दिलेली कबुली म्हणून इंग्रजीत ही रचना बदनाम आहे. तुमचा हेतू शंभर टक्के प्रामाणिक असला तरी वाक्य तुम्हाला त्या रांगेत नेऊन बसवतं. 'वुई मेड अ मिस्टेक' लिहा. हे चार शब्द जास्त सोपे आहेत आणि त्यांत तुम्ही उभे दिसता.

'माय बॅड' हा अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या मैदानांवर रुळलेला शब्द. पास चुकला की खेळाडू हात वर करून म्हणतो आणि खेळ पुढे चालू. म्हणून तो फक्त किरकोळ गोष्टीला, बरोबरीच्या माणसाला. चारशे भाग रिजेक्ट झाल्यावर 'माय बॅड' लिहिलंत तर ग्राहक चिडेल, आणि त्याचं चूक म्हणता येणार नाही.

लातूरला नीटची तयारी करते. आम्ही मैत्रिणी म्हणतो, 'फिजिक्सच्या पेपरात माती खाल्ली'. हे इंग्रजीत कसं म्हणायचं? 'आय ॲम मेस्ड अप इन फिजिक्स' म्हटलं तर सर हसले.

सरांना हसू आलं कारण तुझ्या वाक्याचा अर्थ वेगळाच निघाला. 'आय ॲम मेस्ड अप' म्हणजे माझी मनःस्थिती पार विस्कटली आहे. माणसाला 'मेस्ड अप' म्हटलं की ते मनाबद्दल असतं. 'ॲम' काढून टाक, वाक्य बरोबर होतं: 'आय मेस्ड अप द फिजिक्स पेपर'. 'माती खाल्ली'ला हाच सर्वांत जवळचा शब्द.

पण 'मेस अप' वापरताना शब्दांचा क्रम सांभाळावा लागतो. वस्तूचं नाव असेल तर दोन्ही जागा चालतात: 'मेस्ड अप द पेपर' किंवा 'मेस्ड द पेपर अप'. नावाऐवजी 'इट' आलं की ते मध्येच बसलं पाहिजे: 'आय मेस्ड इट अप'. 'मेस्ड अप इट' हे कधीच चालत नाही. 'स्क्रू अप', 'फाउल अप', 'स्टफ अप' या सगळ्या जोडशब्दांना हाच नियम आहे, त्यामुळे एकदा जीभ वळली की सगळे साधतात. आणि 'मेस विथ' वेगळं: 'डोन्ट मेस विथ हर' म्हणजे तिच्या वाटेला जाऊ नको. लातूरच्या खानावळीला आपण जी मेस म्हणतो तीही इंग्रजीच, आणि मुळात दोन्ही शब्द एकच, पण आज त्यांचे अर्थ वेगळे आहेत.

दुसरी अडचण क्रियापदाची. आपण चूक 'करतो', म्हणून तोंडात 'डू अ मिस्टेक' येतं. इंग्रजीत चूक 'मेक' करतात. 'आय डिड अ मिस्टेक' हे वाक्य मराठी माणसाची ओळख सांगून जातं. 'मेड'ची सवय लावून घे.

आता सगळ्यांत उपयोगी रचना, जी आपल्याकडे जवळपास कुणी वापरत नाही: 'गेट समथिंग राँग'. बारावा प्रश्न चुकला: 'आय गॉट क्वेश्चन ट्वेल्व्ह राँग'. तारीख चुकली: 'आय गॉट द डेट राँग'. यात ना शिवी आहे ना नाटक, वर्गात, मुलाखतीत, परदेशी प्राध्यापकासमोर कुठेही चालते. आपण 'माय ट्वेल्व्थ क्वेश्चन वेंट राँग' म्हणतो, म्हणजे पुन्हा तेच, प्रश्न स्वतःहून चुकला.

येत असलेलं घाईत चुकलं, तर 'सिली मिस्टेक' किंवा 'केअरलेस मिस्टेक'. नीटला बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीला १ कापला जातो, म्हणजे येत असलेला प्रश्न चुकला की ५ गुणांचा फरक पडतो. तेव्हा 'सिली' शब्दावर जाऊ नकोस. ओएमआर उत्तरपत्रिकेवर एक गोल सुटला आणि पुढचे सगळे खाली सरकले, तर 'आय फिल्ड इन द राँग बबल्स'. अमेरिकी मुलं पूर्ण पेपर वाईट गेला की 'आय बॉम्ब्ड इट' म्हणतात. 'फ्लंक' मात्र नापास झाल्यावरच. निकाल लागायच्या आधी 'आय फ्लंक्ड' म्हणू नये.

परभणीत शाळेत इंग्रजी शिकवतो. मुलं सर्रास 'स्क्रू अप' म्हणतात. हा शब्द असभ्य आहे का? वर्गात कोणते शब्द चालू द्यावेत?

'स्क्रू' एकटा, क्रियापद म्हणून, अश्लील अर्थानेही वापरतात. 'स्क्रू अप'मध्ये तो अर्थ राहिलेला नाही, पण शब्दाला थोडी खरखर आहे. सहकारी एकमेकांत बोलतात, अमेरिकी वर्तमानपत्रांत येतो, पण मुख्याध्यापकांसमोर किंवा अर्जात कुणी वापरत नाही. मराठीत 'वाट लावली' जिथे बोलाल तिथे 'स्क्रू अप' चालेल आणि जिथे 'चूक केली' म्हणाल तिथे 'मेड अ मिस्टेक'.

मुलांना निर्धास्तपणे शिकवावेत असे शब्द: 'स्लिप अप' म्हणजे किरकोळ चूक, नजरचूक. 'गूफ' किंवा 'गूफ अप' म्हणजे बावळटपणाची चूक. 'मेस अप' सर्वसाधारण. 'बंगल' आणि 'बॉच' म्हणजे हातात कसब नसल्यामुळे काम बिघडवणं. 'मेक अ हॅश ऑफ इट' म्हणजे पार भरीत करणं. हॅश म्हणजे बारीक तुकडे करून एकत्र शिजवलेलं मांस, तेव्हा आपलं भरीत आणि त्यांचं हॅश स्वयंपाकघरातूनच आले आहेत. 'हाउलर' हा ब्रिटिश शब्द तर शिक्षकांचाच म्हणावा: उत्तरपत्रिकेत सापडणारी, वाचणाऱ्याला खो खो हसवणारी घोडचूक.

टाळायचे: 'कॉक-अप' ब्रिटनमध्ये बऱ्यापैकी सहज बोलतात, पण शाळेत नको. 'बॉल्स-अप' त्याहून भरड. 'बगर अप' नकोच. एफने सुरू होणारा तर सर्वांना माहीतच आहे. आणि एक फसवा शब्द, 'स्नॅफू'. तो दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी सैनिकांनी आद्याक्षरांतून बनवला. सगळं नेहमीप्रमाणेच, म्हणजे पुरतं बिघडलेलं, असा त्याचा अर्थ. मधल्या एफला सभ्य लोक 'फाउल्ड' म्हणतात, सैनिक ते म्हणत नव्हते. आज तो बातम्यांत निरुपद्रवी म्हणून येतो, तरी मुलाने फोड विचारली तर काय सांगायचं ते आधी ठरवून ठेवा.

जालन्यात वर्कशॉप आहे. इंग्रजी बातमीत 'थ्रू अ स्पॅनर इन द वर्क्स' वाचलं. पाना कामात टाकला म्हणजे काय?

इथे 'वर्क्स' म्हणजे काम नव्हे, यंत्राच्या आतले फिरणारे भाग. चालू गिअरमध्ये पाना पडला तर काय होईल हे तुम्हाला सांगायला नको. सुरळीत चाललेली गोष्ट अडवणं, मराठीत चालत्या गाड्याला खीळ घालणं. ब्रिटिश 'स्पॅनर' म्हणतात, अमेरिकी 'रेंच' किंवा 'मंकी रेंच'. माणूसच लागतो असं नाही, पाऊसही पाना टाकू शकतो.

तुमच्या धंद्यातला आणखी एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. 'बॉच' म्हणजे काम बिघडवून ठेवणं. 'बॉज' हा ब्रिटिश शब्द म्हणजे हाताला लागेल त्या तारेने, पट्टीने वेळ मारून नेणारी दुरुस्ती, आपलं जुगाड. बॉज केलेलं यंत्र चालतं, फक्त देखणं नसतं आणि टिकेलच असं नाही. ग्राहकाने 'बॉच्ड जॉब' म्हटलं तर पैसे परत मागण्याची तयारी समजा. 'बॉज्ड' म्हटलं तर निदान तुमचं डोकं चाललं हे त्याला मान्य आहे.

बीडहून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. 'मिक्स-अप', 'मेस-अप', 'ब्लंडर', 'ग्लिच' हे सगळे एकच का?

एक नाहीत. 'मिक्स-अप' म्हणजे एकाच्या जागी दुसरं धरलं जाणं, किंवा दोघांचा ताळमेळ चुकणं. १९९९ या एकाच वर्षात याची दोन ठळक उदाहरणं सापडतात. १७ जूनला एजबॅस्टनवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका दोघांच्या २१३ धावा झाल्या, कारण शेवटची धाव घेताना क्लुसनर धावला आणि डोनाल्ड उशिरा निघाला. फलंदाजांच्या अशा गोंधळाला समालोचक 'मिक्स-अप' म्हणतात. त्याच वर्षी २३ सप्टेंबरला नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बायटर मंगळाजवळ नष्ट झालं. एका सॉफ्टवेअरने बलाचा परिणाम पौंडाच्या मापात दिला, दुसऱ्याने तो न्यूटनच्या मापात धरला. एक पौंड बल म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन, म्हणजे प्रत्येक आकडा साडेचार पट कमी धरला गेला. गणित कुणाचंच चुकलं नव्हतं, एकक बदललं होतं. हा 'युनिट्स मिक्स-अप'.

एजबॅस्टनच्या त्या सामन्यानंतर दक्षिण आफ्रिकेला 'चोकर्स' हे नाव घट्ट चिकटलं. 'चोक' म्हणजे येत असूनही ऐन वेळी दडपणाखाली हातपाय गळणं, मराठीत कच खाणं. कौशल्यच नसेल तर त्याला 'चोक' म्हणत नाहीत.

'ब्लंडर' म्हणजे मोठी, विचार न करता केलेली घोडचूक. तिच्यापुढे 'मिस्टेक' जोडू नका. 'ब्लंडर मिस्टेक' म्हणजे घोडचूक-चूक. 'ग्लिच' यंत्रणेतला छोटा, तात्पुरता दोष. हा शब्द अमेरिकी अंतराळ कार्यक्रमातून लोकांपर्यंत पोहोचला. अंतराळवीर जॉन ग्लेन यांनी १९६२ साली त्याचा अर्थ विजेच्या दाबात अचानक होणारी चढउतार असा सांगितला होता. पोर्टल बंद पडलं तर 'ग्लिच', कारकुनाने नाव चुकीचं भरलं तर नाही. सरकारी पत्रकं माणसाच्या चुकीलाही 'टेक्निकल ग्लिच' म्हणतात. उताऱ्यावरच्या प्रश्नात हा फरक विचारला जाऊ शकतो.

फुटबॉलमधून आलेला 'ओन गोल' म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. आपल्याकडे त्याला 'सेल्फ गोल' म्हणतात, ते भारताबाहेर कानाला खटकतं.

नांदेडहून मुलगी मेलबर्नला शिकायला जाते आहे. तिकडचे वेगळे शब्द सांगाल का?

ऑस्ट्रेलियात 'मेस अप'च्या जागी 'स्टफ अप' रोज ऐकू येईल. अर्थ तोच, सभ्यतेची पातळीही साधारण तीच. 'ब्रेन फेड' म्हणजे क्षणभर डोकं बंद पडणं. २०१७च्या बंगळुरू कसोटीत रिव्ह्यू घ्यावा का हे ड्रेसिंग रूमकडे बघून विचारल्यावर स्टीव्ह स्मिथने आपल्या कृतीला हाच शब्द वापरला होता.

ब्रिटिश लोक भेटतील, ते 'इट वेंट पेअर-शेप्ड' म्हणतील: करायला गेलो गणपती अन् झाला मारुती. 'बॉम्ब' शब्दाने तिची फसगत होऊ शकते. अमेरिकी माणसाचा कार्यक्रम 'बॉम्ब्ड' झाला तर तो पडला. ब्रिटिश माणसाचा 'वेंट लाइक अ बॉम्ब' म्हणजे झकास झाला. 'ब्लो इट' म्हणजे हातातोंडाशी आलेली संधी घालवणं. त्याचा भूतकाळ निळ्या रंगासारखा उच्चारतात: 'आय ब्लू द इंटरव्ह्यू'. यात 'अप' घालायचं नाही, नाहीतर मुलाखत स्फोटाने उडवली असा अर्थ होईल.

हिंगोली. 'पुट युअर फूट इन इट' म्हणजे काय?

नको ते बोलून बसणं. मोडलेल्या सोयरिकीबद्दल चारचौघांत 'मग कधी वाजतायत सनई-चौघडे?' विचारणं. ही फक्त बोलण्या-वागण्यातली चूक, हिशेबातली किंवा कामातली नव्हे. अमेरिकेत 'पुट युअर फूट इन युअर माउथ' म्हणतात. पुढाऱ्याने केली की वर्तमानपत्रं तिला 'गॅफ' म्हणतात.

छत्रपती संभाजीनगर. परदेशी जाण्यासाठीच्या आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत असे शब्द वापरल्याने गुण वाढतात का?

स्पीकिंगमध्ये वाढू शकतात. ११ ते १४ मिनिटांच्या त्या परीक्षेत शब्दसंपत्ती हा चार निकषांपैकी एक आहे, आणि सहज, योग्य जागी आलेला 'मेस्ड इट अप' तिथे शोभतो. पाठ करून ओळीने पाच वाक्प्रचार टाकले तर ते परीक्षकाला लगेच कळतं. रायटिंगच्या २५० शब्दांच्या निबंधात एकही नको. जनरल ट्रेनिंग या आयईएल्ट्सच्या दुसऱ्या प्रकारात मित्राला पत्र लिहायचं आलं तर मात्र खुशाल लिहा.

धाराशिव जिल्ह्यात आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. परतीच्या पावसात सोयाबीन भिजलं. परराज्यातल्या खरेदीदाराला इंग्रजीत 'द बीन्स गॉट स्पॉइल्ड' लिहिलं, तर त्याने पूर्ण लॉट नाकारला. चूक भाषेची होती का?

बरीचशी. 'स्पॉइल' खाण्याच्या वस्तूला लावलं की सडलं, वास मारतंय, फेकायचं असा अर्थ होतो. तुम्हाला म्हणायचं होतं भिजलं आणि काही दाणे काळवंडले. त्यासाठी व्यापारातले शब्द आहेत: ओलं असेल तर 'हाय मॉइश्चर', रंग गेला असेल तर 'डिसकलर्ड', दाण्याला इजा असेल तर 'डॅमेज्ड'. 'रुइन' म्हणजे काहीच उरलं नाही. फेब्रुवारी-मार्च २०१४च्या गारपिटीत मराठवाड्यातल्या कित्येक शेतांचं तसंच झालं होतं. अंशतः नुकसान असेल तर 'डॅमेज', आणि त्याच्यासोबत आकडा. विम्याच्या अर्जातही 'डॅमेज'च लिहा, कारण त्याला टक्केवारी जोडता येते, 'रुइन'ला जोडता येत नाही. मोबाइल किंवा मोटर बंद पडली तर तीही 'स्पॉइल' होत नाही, ती 'ब्रोक डाउन' किंवा 'स्टॉप्ड वर्किंग'.

खरेदीदाराला पुन्हा लिहा. पहिल्या वाक्यात कर्त्यासह कबुली: 'वुई यूज्ड द राँग वर्ड इन अवर लास्ट मेल'. दुसऱ्यात मोजमाप: करारात ओलावा १२ टक्के ठरला असेल आणि मीटरवर १४ आला असेल, तर दोन्ही आकडे द्या, काळवंडलेल्या दाण्यांचं प्रमाण वेगळं द्या, एका ढिगातलं नको, निदान पाच-सहा पोत्यांतून नमुना काढून. तिसऱ्यात उपाय: वाळवून, चाळणी मारून किती दिवसांत किती क्विंटल देऊ शकता. चौथ्यात त्याने करायची एकच गोष्ट: नमुना मागवून स्वतः तपासणं. 'सॉरी' एकदाच, पहिल्या वाक्यापाशी. पाऊस, मजूर, हमालीच्या अडचणी या मेलमध्ये घालू नका, त्या फोनवर सांगा. आणि मेल पाठवण्याआधी नमुन्याची पिशवी बांधून तयार ठेवा, म्हणजे त्याने मागितल्या दिवशीच ती कुरिअरला देता येईल.